लाकडावरचा शिक्का: काल्हेरच्या पॅलेटपासून भुंग्याच्या घरापर्यंत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा लिखित भाग. बोलण्याच्या ओघात आलेलं बरंचसं तसंच ठेवलंय, सांभाळून घ्या.

आजचा विषय लाकूड. तेही नवं कोरं नाही, एकदा वापरून झालेलं. मी राहतो काल्हेरला. ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीकडे निघालात की लागतं ते. पोटापाण्यासाठी कोड लिहितो आणि शनिवार-रविवारी पॅलेटच्या फळ्यांपासून स्टूल, मांडण्या, कधी एखादा मासा, कधी छोटी होडी असं काहीबाही बनवतो. अलीकडे मधमाश्यांसाठी लाकडी ठोकळेही बनवायला लागलोय. घरी येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: "हे भंगार आणतोस कुठून?"

लोक सहज विचारतात, पण जुन्या लाकडाबद्दल विचारण्यासारखा खरा प्रश्न हाच आहे. कुठून आलं? कुणाचं होतं? त्यावर काय काय झालं? आणि गंमत म्हणजे निदान साडेतीनशे वर्षं हा प्रश्न आपल्याच खाडीच्या आसपास विचारला जातोय. कधी राजाने विचारला, कधी जंगल खात्याने, कधी बंदरावरच्या साहेबाने. उत्तर लाकडावरच लिहिलेलं असायचं, शिक्क्याच्या रूपात. आजचा एपिसोड त्या शिक्क्याचा इतिहास आहे.

आधी, काल्हेरच का?

मराठीत 'वखार' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक लाकडाची वखार. दुसरी व्यापाऱ्याची, म्हणजे शाळेत शिकलो ती इंग्रजांची सुरतेची आणि राजापूरची वखार. काल्हेरमध्ये हे दोन्ही अर्थ एकाच रस्त्यावर भेटतात.

मुंबई महापालिकेच्या हद्दीत माल शिरला की जकात लागायची. म्हणून व्यापाऱ्यांना जागा हवी होती हद्दीच्या बाहेर, पण मुंबईच्या उंबऱ्यावर. भिवंडी तालुक्यातल्या काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, माणकोली अशा गावांच्या भातशेतांवर गोदामं उभी राहिली. १९८९ साली न्हावाशेवाचं बंदर सुरू झालं आणि कंटेनरची वाट इकडे वळली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, पण गोदामं राहिली. ऑनलाइन ऑर्डरींनी तर ती आणखी वाढली. तुम्ही आत्ता ज्या मोबाइलवर हे वाचताय तोही कदाचित आमच्या गावावरून गेला असेल.

गोदाम आलं की पॅलेट आलंच. फोर्कलिफ्टचे दोन दात खालून घालता यावेत म्हणून बनवलेली लाकडी चौकट म्हणजे पॅलेट. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने रसद हलवायला फोर्कलिफ्ट आणि पॅलेटची जोडी प्रचंड प्रमाणावर वापरली, आणि युद्धानंतर ती जगभरच्या व्यापारात शिरली. युरोपात १९६१ साली रेल्वे कंपन्यांनी मिळून ८०० बाय १२०० मिलिमीटरचं एक माप ठरवलं. ते आजही चालतं. पॅलेट मोडलं की दुरुस्तीच्या शेडमध्ये जातं, तिथेही निभावलं नाही तर जळणात. आपल्यासारखे लोक मध्येच कुठेतरी हात घालतात.

आता हे लाकूड बाजूला ठेवू आणि जरा मागे जाऊ. कारण आमच्या खाडीत लाकडाची मोठी कामं पॅलेटच्या कितीतरी आधी झालीत.

गलबतं आणि आज्ञापत्र

ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली. पाठोपाठ याच भागात आरमारासाठी जहाजं बांधायला सुरुवात झाली. जहाजबांधणीतले जाणकार म्हणून पोर्तुगीज कारागीर कामाला होते, त्यांचा म्होरक्या रुई लैतांव व्हियेगस. १६५९ मध्ये ही मंडळी काम सोडून निघून गेली. म्हणजे मराठा आरमाराची सुरुवातीची लाकडं तासली गेली ती आज जिथे ट्रक लागतात त्या पट्ट्यात.

जहाजाला लाकूड किती लागतं आणि ते आणायचं कुठून, हा प्रश्न मराठी राज्याने किती गंभीरपणे घेतला होता ते रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दिसतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा हा ग्रंथ. त्यातलं झाडांबद्दलचं कलम प्रसिद्ध आहे. सागवानासारखं लाकूड स्वराज्यातल्या अरण्यातून परवानगीने आणावं, कमी पडलं तर परमुलखातून विकत घ्यावं. आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. आणि एखादं झाड फारच जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन मग तोडावं.

यात 'मालकाला राजी करून' हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लाकूड घेण्याआधी ते कुणाचं, हे विचारायचं. पुढच्या दोनशे वर्षांत नेमकं हेच विचारणं बंद पडलं.

मुंबईचं सागवान, इंग्लंडचं भंगार

१७३६ च्या सुमारास सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया मुंबईला आले आणि वाडिया घराण्याने मुंबईची गोदी नावारूपाला आणली. ओक लाकडाची इंग्लिश जहाजं कुजायची, सागवान टिकायचं. सागवानात तेल असतं, वाळवी आणि पाणी दोन्ही त्याला सहजासहजी खात नाहीत. इंग्लंडच्या नौदलाने मग मुंबईत जहाजं बांधून घ्यायला सुरुवात केली. १८४२ साली चीनने हाँगकाँग इंग्रजांना देण्याच्या तहावर सही केली ती 'कॉर्नवॉलिस' या जहाजावर. ते मुंबईतच बांधलेलं, १८१३ चं.

आजची गोष्ट मात्र दुसऱ्या जहाजाची, 'ट्रिंकोमाली'ची. १२ ऑक्टोबर १८१७ ला हे मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरलं. मलबारचं सागवान, वाडियांचं काम. पुढे ऐंशी वर्षांनी, १८९७ मध्ये, ते इंग्लंडमध्ये जहाज मोडणाऱ्या व्यापाऱ्याला विकलं गेलं.

त्याच वर्षी तिकडे आणखी एक गोष्ट घडली. नेल्सन या प्रसिद्ध सेनानीचं 'फूद्रोयां' नावाचं जुनं जहाज एका श्रीमंत माणसाने, जॉर्ज व्हीटली कॉबने, जर्मन भंगारवाल्यांच्या हातून सोडवून नीट केलं होतं. जून १८९७ मध्ये ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात ते फुटलं. कॉबचं मोठं नुकसान झालं. मग त्याच्या ओक लाकडापासून खुर्च्या, पेट्या आणि तांब्यापासून पदकं बनवून विकली गेली. लोकांनी ती घेतली कशासाठी? ओकच्या खुर्च्या बाजारात भरपूर होत्या. यांच्यावर नेल्सनच्या जहाजाचं नाव होतं. शिक्का होता म्हणून किंमत होती.

आणि फुटलेल्या जहाजाच्या जागी कॉबने कुठलं जहाज घेतलं? मोडीत निघालेलं आपलं ट्रिंकोमाली! त्याला त्याने फूद्रोयांचं नाव दिलं, त्यावर मुलांना दर्यावर्दीपणाचं प्रशिक्षण सुरू झालं, पुढे त्याची दुरुस्ती झाली, मूळ नावही परत मिळालं. आज ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय, दोनशेहून जास्त वर्षांचं. मुंबईत तासलेलं सागवान भंगारातून वाचलं, कारण कुणीतरी त्याचा इतिहास वाचून पैसे मोजले.

जंगल खात्याचा हातोडा

आता या गोष्टीची दुसरी बाजू. एवढं लाकूड लागतंय म्हटल्यावर जंगलावर नजर गेली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली, मग रुळांखालच्या स्लीपरांसाठी लाकूड हवं झालं. १८६५ आणि १८७८ च्या कायद्यांनी जंगलं सरकारी झाली, त्यांचे राखीव, संरक्षित असे वर्ग पडले. तोडलेल्या ओंडक्यावर लोखंडी हातोड्याने खूण ठोकायची पद्धत आली. हातोड्याच्या तोंडावर अक्षरं किंवा चिन्ह कोरलेलं, एक घाव घातला की ओंडक्यावर उमटलं. खूण असेल तर माल कायदेशीर. नसेल तर चोरीचा.

ठाणे जिल्ह्यातल्या वारली, कातकरी, ठाकूर लोकांचं घर, नांगर, जळण सगळं त्या जंगलातून यायचं. त्यांच्या हातातल्या लाकडावर हातोड्याची खूण नव्हती. कालपर्यंत जे रोजचं होतं तो एका कायद्याने गुन्हा झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा.

ती व्यवस्था पूर्ण संपलेली नाही. भारतीय वन अधिनियम १९२७, कलम ६३. जंगल खात्याची खूण खोटी बनवली किंवा गैरहेतूने पुसली तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लाकडावरचा शिक्का पुसणं हा आपल्याकडे गुन्हा आहे आणि त्याला शंभर वर्षं होत आली.

म्हणजे बघा, आज्ञापत्रात मालकाला विचारा असं होतं. हातोड्याने सांगितलं, मालक आम्हीच. शिक्का दोन्ही कामं करतो. इतिहास जपतो आणि कुणाला तरी इतिहासाबाहेरही ढकलतो. जुनं सागवान हातात आलं की मला हे आठवतं. ते सुंदर आहे, आणि ते कुणाच्या तरी डोंगरावरून आलंय.

वाड्याचं लाकूड

मराठी मुलखात जुन्या लाकडाचा सगळ्यात मोठा साठा कुठला? पाडलेले वाडे. खांब, तुळया, कोनाड्यांच्या चौकटी, दारं. वाडा पडला की सागवान जुन्या बाजारात जातं, कुठल्यातरी हॉटेलात टेबल म्हणून उभं राहतं, आणि ते कुठल्या पेठेतलं हे कुणालाच सांगता येत नाही.

याला एक सुंदर अपवाद आहे. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर. आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, आठवणीसाठी त्यांनी आयुष्यभर वस्तू जमवल्या. अडकित्ते, दिवे, दारं, कोरीव खिडक्या, लोक ज्याला अडगळ म्हणत ते सगळं. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी आणले आणि संग्रहालयात तो महाल पुन्हा उभा केला. १९७५ मध्ये हा सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र सरकारला दिला. आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात तुम्ही त्या महालात उभे राहता तेव्हा समोर असतं ते जुनंच लाकूड. पण ते कुठून आलं हे लिहून ठेवलेलं आहे. नाहीतर त्याच खांबांची चार टेबलं झाली असती.

आमच्या भाषेत सांगायचं तर केळकरांनी लाकडाचा गिट लॉग सांभाळला.

पॅलेटवरचा शिक्का

चला परत काल्हेरला. पॅलेटच्या बाजूच्या ठोकळ्यावर नीट बघा. एक चौकोन, डाव्या बाजूला गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह, शेजारी देशाची दोन अक्षरं, मग एक नंबर, आणि शेवटी एचटी किंवा एमबी.

याच्यामागची गोष्ट एका किड्याची आहे. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाडं पोखरणारा एक लांब मिशांचा भुंगेरा सापडला. आशियातला, मालाच्या लाकडी खोक्यांतून आलेला. ती झाडं वाचवता येईनात, तोडून टाकावी लागली. कंटेनरने माल येतो तशी कीडही येते, हे जगाच्या लक्षात आलं. २००२ मध्ये आयएसपीएम १५ नावाचा आंतरराष्ट्रीय नियम आला. मालाबरोबर देश ओलांडणाऱ्या कच्च्या लाकडावर आधी प्रक्रिया करायची आणि तसा शिक्का मारायचा.

एचटी म्हणजे उष्णता. लाकूड अगदी गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं ठेवायचं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड, कीड मारणारा विषारी वायू. हा ओझोनचा थरही खातो, म्हणून मॉन्ट्रियल करारात त्याच्यावर बंधनं आली. मालाच्या कीडनियंत्रणासाठी मात्र त्याला सूट राहिली.

मी फक्त एचटीचं लाकूड घेतो. तेवढ्यानेही भागत नाही. शिक्का सांगतो लाकडावर आधी काय केलं, नंतर त्यावर काय सांडलं ते सांगत नाही. भिवंडीत केमिकलची गोदामंही आहेत. डाग असलेली, उग्र वास येणारी फळी कितीही देखणी असली तरी तिथेच सोडायची.

पॅलेट दुरुस्तीच्या शेडमधल्या मिस्त्रींना मी चाचा म्हणतो. एकदा मी त्यांना म्हटलं, शिक्क्याचा ठोकळा माझ्यासाठी बाजूला ठेवत जा. ते हसायलाच लागले. "भाऊ, फर्निचरवाले तर म्हणतात आधी तोच रंधून काढा, माल नवा दिसला पाहिजे." पॅलेट-फर्निचरची फॅशन आली, आणि फॅशनने पहिलं काय केलं? इतिहास पुसला.

भुंग्याचं घर

यात मधमाश्या कुठून आल्या? खरं तर त्या सगळ्यात आधीच्या. वाळलेलं लाकूड दुसऱ्यांदा वापरणारा सुतार माणसाच्या कितीतरी आधी होता, तो म्हणजे भुंगा.

ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात, म्हणजे १२९० साली, हा दाखला येतो. कसलंही कोरडं लाकूड पोखरणारा भुंगा कमळाच्या कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो. ज्ञानदेव अर्जुनाच्या मायेबद्दल बोलतायत, पण त्यातलं निरीक्षण पक्कं आहे. काळा, जाडजूड, जांभळट चमकणाऱ्या पंखांचा आपला भुंगा ही मधमाश्यांच्याच कुळातली एकटी राहणारी माशी. मादी वाळक्या लाकडात बोटभर रुंदीचं बीळ कोरते, आत परागकणांचा गोळा ठेवून अंडं घालते आणि भुशाचा पडदा लावून पुढची खोली सुरू करते. वांगी-टोमॅटोच्या फुलाला धरून ती अशी गुणगुणते की थरथरीने पराग बाहेर पडतो. पोळ्यातल्या मधमाशीला हे जमत नाही. तिच्याच नात्यातल्या पानं कापणाऱ्या माश्या तयार छिद्रात राहतात. तुमच्या गुलाबाच्या पानावर कुणी गोल कातरून नेलंय असं दिसलं तर ती त्यांची करामत.

पूर्वी यांना जागा मिळायची ती वाळक्या झाडांत, कुडाच्या बांबूत, वाड्याच्या वाशांत. आता शेतावर गोदाम, गोदामावर पत्रा, घराला ॲल्युमिनियमच्या खिडक्या. राहणार कुठे?

माशीसाठी लाकूड कोरणं हे जगात जुनं आहे. पोलंड आणि बेलारूसमध्ये जिवंत झाडात पोकळी कोरून मधमाश्या राखायची परंपरा आहे, २०२० मध्ये युनेस्कोने तिची नोंद घेतली. स्लोव्हेनियात मधपेट्यांच्या पुढच्या फळ्यांवर चित्रं काढत. जपून राहिलेली सगळ्यात जुनी फळी १७५८ ची. वापरायची वस्तू आणि कला एकाच फळीवर. आपल्याकडे महाबळेश्वरला मध संचालनालय आहे, आणि तिथल्याच मांघरला २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून ओळख मिळाली. तिथली सातेरी मधमाशी पेटीत राहते, ती वसाहत करून राहणारी. भुंगा आणि पानकापी एकट्या राहतात. ठोकळा त्यांच्यासाठी, मधासाठी नाही.

ऑनलाइन 'बी हॉटेल' नावाने सुंदर खोकी मिळतात. सावध राहा. कॅनडातल्या टोरांटोत जवळपास ६०० हॉटेलं तीन वर्षं तपासली गेली, २०१५ मध्ये निष्कर्ष छापून आले. बऱ्याच ठिकाणी स्थानिक माश्यांऐवजी परदेशी माश्या आणि गांधीलमाशीच्या जातीच राहायला आलेल्या होत्या. घर नीट नसेल तर तिथे रोग आणि परजीवी साठतात.

म्हणून मी बनवतो तो ठोकळा असा. एचटी शिक्क्याचं जाड लाकूड, रंग नाही, पॉलिश नाही. ४ ते १० मिलिमीटरची छिद्रं, शक्य तितकी खोल, मागून बंद, तोंड पॉलिश पेपरने गुळगुळीत, नाहीतर पंख फाटतात. आपल्या पावसासाठी वर पुढे आलेलं छप्पर. तोंड सकाळच्या उन्हाकडे. दोन-एक वर्षांनी ठोकळा बदलायचा. आणि शेजारी एक जाडसा, छिद्र न पाडलेला ओंडका. तो भुंग्यासाठी, त्याचं काम त्याला येतं. बाहेरून मी त्याला मासा किंवा होडीचा आकार देतो, ती माझी हौस. माशीला आकाराशी देणंघेणं नाही. लाकडात विष आहे की नाही, एवढंच तिच्या जिवाचं आहे. ते आपल्याला वाचता येतं, तिला येत नाही.

पुसलेल्या शिक्क्याचं नुकसान इथे थेट दिसतं. टेबलाचा इतिहास हरवला तर एक गोष्ट हरवते. ठोकळ्याचा इतिहास हरवला तर आतली पिढी मरू शकते.

म्हणून मी शिक्का रंधत नाही. तो तुकडा वस्तूच्या मागच्या बाजूला तसाच ठेवतो, आणि खाली पेन्सिलने लिहितो: कुठून आणलं, कोणत्या महिन्यात, आणि कळलं असेल तर कुठलं लाकूड. पुढे कधी ती वस्तूही मोडेल, कुणीतरी तिसऱ्यांदा ते लाकूड हातात घेईल. त्याने निदान हे वाचूनच करवत चालवावी.

तुमच्या घरी जुनं कपाट, पाट, देवघर, दार काहीही असेल तर आज रात्री त्याची मागची बाजू बघा. काही खूण दिसली तर फोटो पाठवा. दिसली नाही तर आजी-आजोबांना विचारा आणि त्यांनी सांगितलेलं त्यावरच लिहून ठेवा. पुढच्या एपिसोडमध्ये तुमच्याच लाकडांच्या गोष्टी घेऊ. भेटूच!